ओणवं होऊन बघायचा पूल

मियाझू, १८ नोव्हेंबर

चि. चिझुरुस आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. खेकड्यांचा हंगाम सुरू झाला आणि ओसाकाच्या बसमधून खादाडांच्या झुंडी उतरू लागल्या. खाडीतला वाळूचा पट्टा बघायला येतात म्हणे! टेकडीवरच्या बाकावर चढतात, पाठ फिरवून ओणवे होतात, तंगड्यांमधून उलटा पट्टा बघतात आणि 'स्वर्गाचा पूल' म्हणून किंचाळतात. या दीडशहाण्यांनी डोक्यावर पडू नये म्हणून एकतीस वर्षं त्यांच्या कमरा धरतोय मी. गावही तसलंच. देवाने एक पट्टा दिला, त्यावर बसून खातंय.

तुझा तो रयोहेई गेल्या मंगळवारी येऊन गेला, तुला न सांगता. लग्नाला माझी परवानगी हवी होती. माणूस कसला, उकडलेला मुळा! बोलतो तेही विचारून.

मी तेव्हा एका म्हातारीला ओणवं करून नेहमीचं ऐकवत होतो, "बघा आजी, निळ्या पाण्यावरून पूल कसा सरळ वर चाललाय!" मागे शाळेच्या पोरी खिदळल्या. "आजोबा, धुकं आहे हो! काही म्हणजे काही दिसत नाहीये!"

तेवढ्यात हा मुळा टायसकट बाकावर चढला, ओणवा झाला आणि ओरडला, "मला दिसतोय की! अगदी स्वच्छ!"

इतका धडधडीत खोटारडा मी पाहिला नाही. पोरी त्यालाच हसत सुटल्या. उतरताना माझा दंड धरून म्हणतो, "बाबा, मला उंचीची भीती वाटते, जरा धरू द्या." आणि पायऱ्या मोठ्याने मोजत होता, एकेक. खाली आल्यावर मी बजावलं, "चिझुरुला बोललास तर लग्न विसर." "नाही बोलणार. तुम्हीच सांगा," म्हणाला. आठवडा झाला, तुझा फोन नाही, म्हणजे खरंच गप्प बसलाय. एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं.

तर सांगतो. डावा डोळा गेला. उजव्याने सगळं धुरकट दिसतं, त्यामुळे खरं धुकं कधी पडतं ते मला कळत नाही. आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, घरचं कोणीतरी घेऊन या. मी सांगितलं, मला घरचं कोणी नाही.

असं बोललो मी, तू असताना. त्याची फार लाज वाटते.

पुढच्या बुधवारी सकाळी नऊ वाजता ऑपरेशनला जायचंय. ये. रडायचं नाही. त्यालाही आण.

लिहिलेलं मला परत वाचता येत नाही, म्हणून काही खोडलेलं नाही.

तुझा बाप,
गेन्जिरो