अ च्या वरची ओळ

सोमवार, ३
नोकरी लागली, आणि तीही दादाच्या कारखान्यात! दादा इथे स्टोअरमध्ये आहे. जागा निघाल्याचं त्यानेच कळवलं. राहायलाही त्याच्याकडेच. वहिनीने खोली झाडून ठेवली होती, पलंगावर नवी चादर. ऑफिसात मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. खुर्ची एका अंगाला कलते, पण चालेल. काम असं: आठ हजार कामगारांची नावं जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायची आणि वर्णमालेच्या क्रमाने लावायची. विभागप्रमुखांना सगळं लगेच हवं असतं, म्हणून त्यांना सगळे लगेचराव म्हणतात. तीन दिवसांत देते, असं मी छातीठोकपणे सांगून बसले.

गुरुवार, ६
कुठून बोलले असं झालंय. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, नव्यात ती नंतर लागते. बदल केला तर निम्म्या वेलांट्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसल्या. त्यांना ओढून आणलं, तर ळ बिघडला. मराठीत तो ह नंतर यायला हवा. हे यंत्र त्याला ल च्या शेपटाला बांधतं. शेजारच्या टेबलावरची ताई माझं काम तपासते. ती लाल पेनाने चुकांना गोल करते आणि वर हसते. मला रडू यायचं बाकी होतं.

अखेर सगळं जमलं. एक ओळ सोडून. नावाच्या जागी सात चौकोन. अक्षरांचे सगळे तक्ते धुंडाळले, ही अक्षरं कुठेच नाहीत. क्रम लावला की ती सगळ्यात वर, अ च्याही वर. लगेचराव म्हणाले, एका ओळीसाठी अडून राहू नका, यादी फाटकावर पाठवा. पाठवली. आता रोज सकाळी हजेरीला तीच उघडणार.

सोमवार, १०
ती ओळ शुक्रवारी दुसरी होती, शनिवारी तिसरी, आज चौथी. क्रमाचा नियम चार वेळा तपासला, काडीचीही चूक नाही. लगेचरावांना दाखवलं, तर त्यांच्या पडद्यावर ती ओळ दिसतच नाही. मला म्हणाले, झोप घ्या. संताप झाला नुसता.

मंगळवार, ११
ताईने सहज सांगितलं की फोरमन शुक्रवारपासून बेपत्ता आहे. अंघोळीला गेला तो आलाच नाही, बाथरूमची कडी आतून. शनिवारी एक वेल्डर, काल एक क्रेनवाला, आज आणखी एक. पोलीस येऊन गेले.

यादी उघडली. ओळ पाचवी. वरची चार नावं ह्या चौघांचीच, ह्याच क्रमाने.

दादा आठवा आहे.

बुधवार, १२
ओळ सहावी. सकाळी पाचवा माणूस गेला. दादाला सांगितलं, यादीतून नाव काढून घे. तो हसला, म्हणाला, नाव काढलं तर पगार कोण देणार? नावं काढायचा अधिकार मला नाही, लगेचराव काढणार नाहीत. मला फक्त क्रम बदलता येतो, तोही सगळ्यांचा एकदम.

दुपारी तीनला यादी उलटी केली. शेवटचे आधी. दादा आता आठ हजारांच्या खाली. इतकं हलकं वाटलं की ताईला सांगायला वळले.

खुर्ची रिकामी. पेनाचं टोपण उघडं. चष्मा कीबोर्डवर.

ओळ हलली नव्हती. सहावीच होती. तिच्या वर पाच नवी नावं आली होती, ज्ञ ची आणि क्ष ची. मी हा विचारच केला नव्हता. ताईचं नाव तिसरं.

मी केलं हे. मी.

शनिवार, १५
ओळ नववी. रोज एक. मी गप्प बसते आणि रोज एक जातो. घरी दादा जेवताना स्टोअरचे किस्से सांगतो, वहिनी हसते. माझ्याच्याने बघवत नाही.

यादी सरळ केली, तर वरची आठ नावं पुन्हा जुनीच येतील. आठवा दादा. ती उलटीच राहायला हवी. काहीही करून—

सोमवार, १७
ओळ दहावी. लगेचरावांनी बोलावलं. यादी डोक्यावर उभी का म्हणून विचारलं. हात जोडले. सगळं सांगितलं, ताईचंही. ते म्हणाले, "तुम्ही घरी जा. यादी मी सरळ करतो."

लगेच—

धावत टेबलाशी. पडदा हलतोय. अ ची नावं वर सरकताहेत. स्टोअरला फोन लावला. दादानेच उचलला, "बोल गं." जिवात जीव आला.

फोन खांद्याशी धरून लिहितेय. त्याला बोलतं ठेवलंय— वॉशर मोजतोय म्हणे— माझ्यामुळे आकडा चुकला म्हणे— चुकू दे, बोलत राहा—

"थांब हं, मागे कुणीतरी आलंय."

थांबलेय. पंखा ऐकू येतोय. वॉशर एकेक करून जमिनीवर पडताहेत. दादा, अरे बोल ना, अरे