शेवग्याच्या बुडाशी पिवळं पाणी

अहो,

तुमचा मोबाईल चार्जिंगला घरीच राहिला, म्हणून ही चिठ्ठी. आसारामकाकांकडं घराचा सौदा मोडायला जाऊ नका. आपण घेतोय त्या त्यांच्या जुन्या घराची संडासाची लाईन फुटलीय हे खरंच, पण तुम्ही म्हणता तशी खोल्यांखाली न्हाई. फरशी फोडायचं कामच न्हाई.

दुपारी शेजारच्या दगडामावशीला घेऊन तिथं गेलते. बादलीभर पाण्यात हळद कालवून संडासात ओतली अन् अंगणात वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं शेवग्याच्या बुडाशी पिवळंधमक पाणी वर आलं. मुळ्या पाइपात शिरल्यात. तेवढाच तुकडा बदलायचा. मावशी म्हणली, "रोहिणे, घराला कावीळ झाली गं." मला लई हसू आलं.

मिस्त्रीला आणायला वडवणीला चाललेय. भाकरी टोपल्यात हाय. जाऊबाईंनी काही विचारलं तर गप बसा. चूल वेगळी मांडायचं मीच त्यांना सांगीन, नीट सांगीन.

अन् मावशीला कावीळ दिसली तरी मला ती हळदच दिसली. हळद लागल्यावर सोयरीक मोडलेली आपल्यात कुणी बघितलीय का?

रोहिणी