नावाच्या कागदाखाली

बाबा, काल दुपारी मी तुमच्या सीडीवरचा नावाचा कागद ओल्या कापसाने भिजवून काढला, आणि त्याखालून एक परका माणूस निघाला. फेटा बांधलेला, जाड मिशांचा, पेटीवर हात ठेवून बसलेला. खाली त्याच्या भजनी मंडळाचं नाव छापलेलं. मी खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन पाहिलं तरी तो तिथेच होता. अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्हाला कुठून माहीत असणार, पण मी आता बुलढाण्यात एका फोटो स्टुडिओत काम करते. लोकांच्या घरातल्या जुन्या सीड्या, लग्नाच्या, बारशाच्या, भजनाच्या, कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायच्या. आजकालच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नसते, म्हणून गिऱ्हाईक आमच्याकडे शोधत येतं. सीडी अडली की काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारा. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. तरी अडली तर वाचायचा वेग कमी करायचा. तरीही नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहायची. आणि वर कागद चिकटवलेला असेल तर तो काढून टाकायचा, कारण त्याचं एखादं टोक सुटलं की सीडी फिरताना डुगडुगते आणि मशीनला धड वाचता येत नाही. हे मी इतक्यांदा सांगते की मालक माझी नक्कल करतात. सीडीला बोटं लावू नका, भोकात बोट घालून कडेला धरा, हेही मी प्रत्येकाला ऐकवते. ते मात्र माझं नाही, तुमचं आहे.

तुम्ही आपल्या भजनी मंडळासोबत मेहकरला जाऊन रेकॉर्डिंग करून आलात, तो दिवस. मी पहिलीत असेन. देऊळघाटच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी टाकते आहे. तुम्ही पिशवीतून सीडी काढता. घरात ती वाजवायला काही नाही, तरी चुलीच्या उजेडात हलवून हलवून तुम्ही भिंतीवर रंग पाडता. मी झडप घालते आणि तुम्ही रागावता. "बोटं नको लावू त्याले. मधल्या भोकात बोट घाल अन् कडेले धर." माझा ओठ बाहेर आलेला पाहून तुम्हीच ती माझ्या बोटात अंगठीसारखी अडकवून देता आणि म्हणता, ही तुझ्यासाठीच आणली. त्याच वर्षी पावसाळ्यात तुम्ही गेलात. वाजवायचं मशीन मामाने नंतर आणून दिलं.

मग तुमचा आवाज आमच्या घरात राहिला. सीडी लावल्याशिवाय मी जेवायला बसत नसे. दर पुण्यतिथीला तुमच्या फोटोला हार घालून आम्ही ती लावतो. माझ्या लग्नात, सासरी निघण्याआधी मी ती ऐकली आणि पोटभर रडले. माझ्या लेकीला मी सांगितलं, हे बघ, हे तुझे आजोबा गातायत. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, पण तुमच्या मागे ती अख्खं भजन म्हणते. यंदा मामाचं मशीन कायमचं बंद पडलं. पुण्यतिथी तोंडावर आली आहे, आणि सीडी खराब झाली तर तुमचा आवाज जगात कुठेच उरणार नाही, या धास्तीने मी ती स्टुडिओत नेली.

घातल्याबरोबर कॉम्प्युटरने इंटरनेटवरून कुठल्यातरी भलत्याच मंडळाचं नाव दाखवलं. मला हसू आलं. घरगुती सीड्यांच्या बाबतीत तो असा घोळ कधीकधी घालतो. मी ते नाव पुसून तुमचं टाईप केलं. तिसऱ्या भजनावर गाडी अडली. पुसून पाहिलं, वेग कमी केला, ड्राइव्ह बदलला. राहिला फक्त कागद. गिऱ्हाइकाचा असता तर मी पहिल्यांदा तोच काढला असता. पण त्यावर आईच्या कच्च्या अक्षरात तुमचं नाव होतं, हात होईना. शेवटी कडेकडेने भिजवत, न फाटता तो सोडवला.

फेटेवाला दिसल्यावर मी म्हटलं, कुणीतरी दुसऱ्याच्या सीडीवर तुमची भजनं भरली असतील. सीडी उलटी केली. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडीची खालची बाजू बहुतेक निळसर, हिरवट असते. ही आरशासारखी चंदेरी, कारखान्यात छापलेली. तिच्यावर दुसरं काही भरताच येत नाही. हे काम मला येत नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी तशीच देऊळघाटला गेले. आई मेथी निवडत होती. मी सीडी तिच्यापुढे ठेवली. ती दचकली नाही, हातातली जुडी तेवढी खाली ठेवली.

"तुह्या बाबाची सीडी मी फोटोपाशी दोऱ्यानं टांगली होती," ती म्हणाली. "खिडकीतून ऊन लागे. उन्हाळा सरेपर्यंत कोरी झाली. आवाजच नाही निघे."

मंडळातल्या दोघांकडे होत्या, त्याही बिघडल्या होत्या. मेहकरचा स्टुडिओ तोवर बंद झालेला. मग तिने बसस्टँडवरच्या दुकानात उभं राहून एकेक सीडी लावायला लावली, आणि जो आवाज जवळचा वाटला तो घरी आणला.

"तू त्या आवाजाबिगर जेवे नाही. मंग मी काय करू, सांग. एक डाव तू म्हणली, बाबाचा आवाज जाड झाला. मी म्हटलं, देवाघरी थंडी असते."

मला हे आठवत नाही. मला काहीच कसं आठवत नाही, बाबा? मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. खंजेरीवाले काका दर पुण्यतिथीला सीडी सुरू झाली की अंगणात जाऊन उभे राहतात. मी समजत होते, त्यांना रडू आवरत नाही. मी आईवर ओरडणार होते, तोंडही उघडलं होतं. पण तिने पुन्हा जुडी उचलली आणि विचारलं, पुण्यतिथीले आता काय लावशील?

कागद निघाल्यावर सीडी एकदाही अडली नाही. सगळी भजनं स्वच्छ उतरली आहेत. ती कॉम्प्युटरवरून पुसून टाकायला मी आज दोनदा बसले आणि दोनदा उठले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या नावाच्या कागदासोबत कपाटात ठेवून देईन. एवढंच सांगायचं राहिलं. तुमचं ते रागावणं, बोटं नको लावू त्याले, मला शब्दन्‌शब्द आठवतं. आज डोळे मिटून ते ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू येतं, बाबा. त्या फेटेवाल्याच्या आवाजात.