मार्क कुणाचे

परभणी,
१० मार्च २०२४

चि. सौ. राजेश्री हिस,
सिद्धोधनचे अ. उ. आ. आणि जय भीम.

मी इकडे खुशाल आहे. पूर्णेला तुम्ही सगळे मजेत असाल. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी असतात आणि तू नुसतं हं हं करतेस. शिवाय हे पत्र मी स्वतः टाइप केलंय. जन्मापासून डोळे नसलेल्या माणसाच्या पत्राला आजवर कुणाचा तरी हात लागायचाच. या पत्राला फक्त झेरॉक्सवाल्याचा लागला, तोही प्रिंट काढून घडी घालण्यापुरता. मी दाबलेलं प्रत्येक अक्षर संगणक कानात बोलून दाखवतो. सहा महिने बोटं चुकत होती, आता बरं जमतं. तुझं उत्तर मात्र खोलीवरच्या मित्राकडून वाचून घ्यावं लागेल.

खरी बातमी पुढेच आहे. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला मी लेखनिक घेणार नाही. आमच्या मंजुषा मॅडमनी विद्यापीठाची परवानगी आणली आहे. नेट काढून टाकलेल्या संगणकावर माझे पेपर मीच लिहीन. दहावीला तू माझी लेखनिक होतीस. चौऱ्याऐंशी टक्के पडले तेव्हा आश्रुबा काका राणीसावरगावच्या पारावर म्हणाले होते की पोरगं लय हुशार हाय, पण लिवलं तर बहिणीनंच. ते काही केल्या माझ्या कानातून जात नाही. एकदा तरी मार्क माझेच आहेत, हे मला कळायला हवं.

धम्मदीपरावांना जय भीम. लोभ आहे तेवढा ठेव, उपदेश थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझा दादा,
सिद्धोधन


पूर्णा,
१७ मार्च २०२४

ती. दादास,
राजेश्रीचा शि. सा. न. वि. वि. आणि जय भीम.

ह्यांनी पाकीट हातात दिलं तेव्हा वाटलं बँकेचं आहे. तुझं स्वतःचं पत्र बघून आधी रडू आलं आणि दुसऱ्या परिच्छेदाला राग आला. ऐन पेपरात लाईट गेली तर काय करशील? परभणीची लाईट तुला काय नवीन आहे? लेखनिक बंद पडत नाही, फार तर त्याला शिंक येते. बी.एड.चा प्रवेश या मार्कांवर आहे. आईने तर आतापासून शेजारी सांगून ठेवलंय की आमचा सिद्धोधन मास्तर व्हायलाय.

आणि आश्रुबा काकांचं काय मनावर घेतोस? बैलाचे दात सोडले तर त्यांना कशातलं काय कळतं? खरं सांगू, मला वाईटही वाटलं. दिवसभर तुझी पुस्तकं मोठ्याने वाचून माझा घसा बसायचा, त्याचं तुला ओझंच झालं की काय. पण तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. निदान प्रत्येक वाक्यानंतर सेव्ह तरी करत जा.

सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. रागावले तरी माया आटलेली नाही, एवढं समजून अस.

तुझीच,
राजेश्री


परभणी,
३० जून २०२४

चि. सौ. राजेश्री हिस,
अ. उ. आ. आणि जय भीम.

तुझ्या तोंडात साखर पडो असं म्हणणार होतो, पण तुझं तर वाईटच खरं झालं. राज्यशास्त्राच्या पेपरात लाईट गेली आणि संगणक मुका झाला. सतरा मिनिटं मी नुसता बसून होतो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. लाईट आल्यावर बघितलं तर सेव्ह केलेलं सगळं जागेवर होतं. तेवढा वेळ मला वाढवून मिळाला.

काल निकाल लागला. एकाहत्तर टक्के, प्रथम श्रेणी. मागच्या वर्षी लेखनिकाच्या हातून यापेक्षा चार जास्त पडले होते, पण हे मला जास्त गोड लागतायत. उत्तर लिहून झालं की परत ऐकायचो, खोडायचो, बदलायचो. लेखनिकाला चार वेळा खोड म्हणायला मला नेहमी लाज वाटायची. पुढच्या सोमवारपासून मॅडमनी मला कॉलेजातल्या दोन अंध मुलींना टाइप करायला शिकवायला सांगितलंय. मास्तरकी आत्ताच सुरू झाली म्हण.

आता एक विचारतो. पाच वर्षांत धीर झाला नव्हता, आज पदरात माझे स्वतःचे मार्क आहेत म्हणून होतोय. दहावीच्या चौऱ्याऐंशीत तुझे किती होते? जे असेल ते लिही. माझा तुझ्यावरचा लोभ त्याने तसूभरही हलणार नाही.

तुझा दादा,
सिद्धोधन


पूर्णा,
७ जुलै २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. आणि जय भीम.

रेल्वे क्वार्टरमध्ये घरोघरी पेढे वाटले. ह्यांनी तर ड्यूटीवर चाललेल्या माणसांनाही थांबवून तुझा निकाल सांगितला. मी जिंकल्यासारखी मिरवतेय.

तू विचारलंस ते बरं केलंस. भूगोलाच्या पेपरात ब्राझीलची राजधानी विचारली होती. तू मोठ्या ऐटीत रिओ म्हणालास. धडा मीच तुला वाचून दाखवला होता, उत्तर ब्राझिलिया आहे हे मला पक्कं माहीत होतं. माझा पेन थांबला. बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि तुला तर दिसणारच नव्हतं. तरी मी रिओच लिहिलं. घरी आल्यावर गोठ्यामागे जाऊन रडले, की आपल्या हाताने भावाचा मार्क घालवला. तुला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही.

त्या चौऱ्याऐंशीत माझा एकही मार्क नव्हता, दादा. आश्रुबा काकांना जाऊन सांग, बहिणीनं मनानं लिहिलं असतं तर एक मार्क जास्तच पडला असता.

त्या दोघी मुलींना माझा जय भीम सांग, आणि मला विसरू नकोस.

तुझीच,
राजेश्री