अंगातलं मीठ

सौंसर

प्रिय उर्वशी,

फोनवर हे बोलता येत नाही. तुझी सासू, म्हणजे माझीच आई, तुझा फोन स्पीकरवर लावते आणि अर्धं पांढुर्णा ऐकतं. म्हणून तुझ्या दादाच्या हाती पाकीट देते आहे. एकटीने वाच.

नर्स 'लड़का हुआ' म्हणाली आणि तुझ्या बापूजींनी गावभर पेढे वाटले, हे तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी माझ्या बाळाचं दुपटं सोडून पाहिलं आणि म्हणाले, आत्ता मुलगा-मुलगी काही सांगू नका, नागपूरला न्या. बापूजी भडकले, "सांगू नका म्हंजे? दिसून नाही राह्यलं का त्याले?"

तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. हार्मोनचा रिपोर्ट लवकर आला, औषध सुरू झालं. गुणसूत्रांचा मात्र येता येईना. प्रयोगशाळेतून उत्तर एकच, मॅडम, पेशी वाढायला वेळ लागतो. इकडे जो येतो तो विचारतो. मराठीत निदान 'बाळ रडून राहिलं' म्हणून निभावता येतं. समोरच्या मिश्राबाई हिंदीतून विचारतात, रो रहा है कि रो रही है? एकदा वैतागून म्हटलं, भूख लगी है!

काल रिपोर्ट आला. एक्सएक्स. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलंच होतं. मुलगी आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत एक हार्मोन नीट बनत नाही, त्याऐवजी पुरुषी हार्मोन जास्त बनतं, म्हणून बाहेरून तसं दिसलं. बापूजी म्हणतात, "नागपूरवाल्यांनी रक्तच बदलवलं." वर हट्ट असा, की ऑपरेशन करून मुलगाच करून आणा. ऑपरेशनची तर डॉक्टरांनाही घाई नाही. आणि तुझा दादा? मान खाली घालून संत्र्यांचे भाव सांगतो. बापूजींपेक्षा त्याचाच राग जास्त येतो.

पण हे रडगाणं ऐकवायला लिहायला बसले नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. बाळ ओकतं, सुकतं, आणि औषध नसेल तर दोन-तीन आठवड्यांत हातचं जातं. मुलीत बाहेरून खूण दिसते, म्हणून कोणीतरी तपासतं. मुलात काहीच दिसत नाही. ऐकलं आणि मला तुझा गेलेला रोशन आठवला. तोही असाच ओकून ओकून सुकला, आणि आई त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकत राहिली. तेच होतं असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, कारण त्याचं रक्त कोणी तपासलंच नाही. पण हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि आपलं साटंलोटं: मी तुझ्या भावाला दिलेली, तू माझ्या. म्हणजे माझ्यात आणि तुझ्या दादात आहे तो दोष विनोदमध्ये आणि तुझ्यातही असू शकतो. तुला पुन्हा दिवस गेलेत. विनोदला घेऊन नागपूरला ये, दोघांचं रक्त तपासा. बाळ आलं की ते कितीही धडधाकट दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना ही तपासणी मागायची. आणि सव्वा महिना न पाळता तू रोशनला अंगणात घेऊन बसलीस म्हणून त्याला नजर लागली, असं आई अजून ऐकवते ना? यापुढे ऐकून घेऊ नकोस.

तुझीच वहिनी आणि तुझीच नणंद,
अश्विनी