मालक समोर असल्याशिवाय

४ मार्च
सहा वर्षं मोबाईलवर लिहीत होतो. आज त्या नोंदींच्या अ‍ॅपने कळवलं – कंपनी विकली गेली, नवे नियम मान्य करा. मुलीने वाचून दाखवलं: सेवा सुधारण्यासाठी आम्ही तुमच्या नोंदी वाचू शकतो.
"म्हणजे आजीचं सगळं?"
"सगळं, बाबा."
आई हल्ली बरंच विसरते. दोन वर्षं ती जे जे बोलते ते टिपून ठेवतो. ते परक्याने वाचायचं?
मान्य केलं नाही. दुसरं काही मिळेतोवर ही वही.

५ मार्च
दुकानात एकजण आला. भावाच्या कपाटाचं कुलूप उघडून हवं होतं. भाऊ कुठाय? – परगावी. मग येऊ दे त्याला. "तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकशा?" मालक समोर असल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही. तीस वर्षं हेच. पाय आपटत गेला.

६ मार्च
मुलीने तीन अ‍ॅप काढली. पहिलं फुकट. "फुकट म्हणजे किल्ली त्यांच्याकडे," म्हणाली. कुलूपवाल्याची लेक शोभते. दुसऱ्यात टाकलेलं बाहेर काढता येत नाही – आपलंच सामान, आणि आपणच दारात ताटकळायचं. तिसऱ्यात नोंदी आपल्याच मोबाईलवर, साध्या फाइलीत, हव्या तेव्हा उचलून न्याव्यात. पासवर्ड विसरलो तर मात्र कंपनीलाही उघडता येत नाही.
"मग उघडतं कोण?"
"कुणीच नाही."
असं कुलूप माझ्या हाताखालून गेलेलं नाही. मनात भरलं.

८ मार्च
ताईचा फोन. "आईचं ते बोलणं घरच्या ग्रुपवर टाक की. पोरं हसतील जरा." नाही म्हटलं. "तू तर अगदी तिजोरीच झालास बाबा!" राग आला. नाम घेत बसलो, उतरला.

९ मार्च
तिसरं घेतलं. आईच्या शहाऐंशी नोंदी हलवल्या, जुन्यातल्या पुसल्या. पासवर्ड – लहानपणी आईने घोकून घेतलेल्या औटकीतली, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यातली, एक ओळ, आकड्यांत.

१२ मार्च
मोबाईल पडला, बंदच झाला. प्रत मुलीच्या कॉम्प्युटरवर होती. उघडेना. सात वेळा घातला पासवर्ड. दोन वर्षांची आई आत आणि मी बाहेर, तोही मीच लावलेल्या कुलपामुळे.
मुलगी शेजारी येऊन बघत राहिली, मग खो खो हसली. "मोबाईलवर तुम्ही आकडे मराठीत घातले होते. हे इंग्रजी आहेत." गुरुजींनी गिरवून घेतलेला सात तो सात, एवढंच मला ठाऊक. मशीनला दोन सात दिसतात.
उघडलं. देवापुढे नुसता उभा राहिलो, मागण्यासारखं काही नव्हतं.

१५ मार्च
मोबाईल दुरुस्त.

१७ मार्च
आज आई सकाळपासून भानावर, माझं नाव घेऊन हाक मारली. खिडकीशी बसली होती.
"सारखं त्या डबीत काय कोरतोस रे?"
"तू बोलतेस ते."
"वाच बघू."
दोन-तीन वाचल्या. हसली. "बाई आगाऊच दिसते." मग गेल्या उन्हाळ्यातली एक वाचली.
"हे मी बोलले?"
"हो."
"कुणाशी?"
"माझ्याशी."
"तुझ्याशी नाही. मी तुझ्या मावशीशी बोलत होते."
मावशी जाऊन अकरा वर्षं झाली. आई म्हणाली, "बोलणं माझं, आणि मलाच विचारलं नाहीस."


१८ मार्च
आजही मला ओळखलं. दुकान उघडलं नाही. तिच्याजवळ बसून एकेक नोंद वाचली. जिला 'राहू दे' म्हणाली ती ठेवली, जिला 'पूस' म्हणाली ती पुसली, मुलीकडच्या प्रतीतूनही. मावशीची सर्वांत आधी.
नऊ उरल्या. बाकीच्यांत काय होतं ते इथेही लिहीत नाही.