केमच्या तुपाचा आकडा

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ७ डिसेंबर १९३८

प्रिय धुळाप्पा,

तुझ्या आण्णाचा तुला आणि केराबाईला आशीर्वाद. तूप व्यापारी संघाच्या नावाने तू धाडलेला अर्ज पोचला. कारकुनाने फाईलला लावायच्या आत मी तो मागून घेतला आणि घरी आणून दोनदा वाचला. नुकसानभरपाई नको, कुणाची माफी नको, संघाच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावरचं तुझं नाव तेवढं पुसावं, एवढंच तुझं मागणं. गुरुवारच्या बैठकीला जातीने हजर होतो म्हणून लिहिलंस. त्याचं उत्तर देणारच आहे, पण आधी चार शब्द बोलू दे. माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. सून चांगली आहे, वेळेवर भाकरी टाकते. पण ताटात वाढलेलं तूप आधी मनगटावर चोळून हुंगायची खोड काही जात नाही, आणि हुंगलं की तुमच्या घरचं तूप आठवतं.

वीस वर्षं मी नुसत्या नाकाने आणि जिभेने तूप पारखलं. मग बाजारात ते डबाबंद वनस्पती तूप आलं आणि माणसाची नियत फिरली. मुंबईचे व्यापारी सोलापूरच्या डब्याकडे संशयाने बघायला लागले. आगगाडीने गेलेला माल तसाच परत यायला लागला. म्हणून आम्ही पेठेत तपासणीघर काढलं, पुण्याचा केमिस्ट आणला, काचेच्या नळ्या मांडल्या. मी म्हातारपणी त्या पोराच्या शेजारी बसून आकडे वाचायला शिकलो. शुद्धतेचा आकडा अठ्ठावीसच्या वर आला की डब्याला शिक्का, खाली आला की भेसळ. भेसळीच्या डब्यात चारचौघांदेखत रॉकेल ओतायचं आणि धन्याचं नाव गावासकट फळ्यावर लिहायचं. हा नियम माझाच. आमच्या लोकांना शरमेशिवाय दुसरं काही लागू पडत नाही, असं मीच बैठकीत म्हणालो होतो. इतर गवळी कां-कूं करत होते तेव्हा तू आपण होऊन डबा पुढे सरकवलास. माझी छाती फुगली होती रे.

त्या साली कडबा मिळेना. म्हशी हाडावर आल्या म्हणून तू माझ्याकडे आलास आणि मी तुला कापसाच्या जिनातली सरकी दिली. महिनाभर सरकी घाल, म्हशी अंग धरतील, तूपही दाणेदार पडेल, असं सांगितलं. वर हेही बजावलं, की सरकीचं कुठे बोलू नकोस. तुमच्या केम गावच्या तुपाला रानच्या चाऱ्याचं म्हणून मान आहे, तो जाईल. तू मान हलवलीस. तुझ्या तुपाला नळी एकवीसवर थांबली तेव्हा केमिस्टाने तुला विचारलं, जनावरांना काय घालता? तू माझ्याकडे पाहिलंस. मी चष्मा पुसत होतो. तू म्हणालास, "रानचा चारा, सायेब. दुसरं काय न्हाय." मला दिलेला शब्द तू पाळलास. मग डबा माझ्याकडे सरकवून तू एवढंच म्हणालास, "आण्णा, तुमी तरी जिभंवर घेऊन बगा की." मी घेतलं. त्यात काही नव्हतं, धुळाप्पा. केराबाईने लोणी कढवताना टाकलेल्या विड्याच्या पानाचा वास तेवढा होता. मी म्हणालो, आता जिभेचे दिवस गेले.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी केमिस्ट हात धुता धुता मला म्हणाला, की सरकी खाणाऱ्या जनावराच्या तुपाचा आकडा कधी कधी पडतो असं त्याने वाचलंय. या माणसाने सरकी घातली असती तर डबा बाजूला ठेवून पुन्हा तपासला असता. मी ऐकलं आणि टोपी घालून घरी आलो. आदल्याच दिवशी मुंबईच्या दलालाला मी स्वतः लिहून दिलं होतं, की आमच्या शिक्क्याचं तूप निव्वळ रानच्या चाऱ्याचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या डब्यात रॉकेल ओतलं ते माझ्याच हाताने. ओतणारा गडी हजर होता, तरी मीच ओतलं. तुझ्यावर माझी माया सगळ्या पेठेला ठाऊक, आता कोणी म्हणणार नाही की आण्णा आपल्या माणसाला पाठीशी घालतो, असा हिशेब केला. झालंही तसंच. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला मुंबईत वजन आलं.

पुढचं कानावर येत गेलं. केमचं सगळंच तूप तीन महिने नाकारलं गेलं, म्हणून गावाने तुला शिव्या घातल्या. बिरोबाच्या दिव्याला घरटी पाळीने तूप द्यायची तुमची रीत. तुझी पाळी आली तेव्हा पंचांनी तुझं घर ओलांडून पुढच्या घरी भांडं नेलं. तू म्हशी विकल्यास आणि रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायला जाऊ लागलास. मी आलो होतो एकदा, तू कामावर होतास. केराबाईने पाणी दिलं आणि म्हणाली, "मालक मेलं असतं तर मानसं दारात तरी आली असती." मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो आणि दुपारच्या गाडीने परतलो. सांगायला तोंड उघडलंच नाही.

यंदा श्रावणात केमिस्टाने हट्टच धरला. संघाचे अध्यक्ष चनबसप्पा शेट यांनी बाजारात घेतलेली तुझी चांदरी म्हैस तपासणीघरामागे बांधली, महिनाभर सरकी घातली, आमच्या डोळ्यांदेखत दूध काढून तूप केलं. आकडा वीस. बैठक भरली तेव्हा चनबसप्पा शेटच म्हणाले की केमच्या त्या धनगराचं नाव पुसायला हवं. मी उठून बोललो. म्हणालो, एक नाव पुसलंत तर मुंबईवाला विचारेल की आणखी किती चुकले, आणि आजवरच्या सगळ्या शिक्क्यांची माती होईल. संक्रांतीपासून सरकीच्या तुपाला वेगळा आकडा लावू, मागचं उकरायचं नाही. सगळ्यांना पटलं. शेटनी माझी पाठ थोपटली.

तेव्हा गुरुवारी येऊ नकोस. निकाल झालेला आहे. पण तुला मी वाऱ्यावर सोडलेलं नाही. नव्या आकड्यासाठी दर हंगामाला एक चोख तूप आमच्या देखरेखीखाली करायचं ठरलंय. त्याच्याशी ताडून बाकी सगळ्यांचे डबे पास-नापास होतील. असा हात जिल्ह्यात तुमच्याच घरी आहे. म्हशी संघाच्या, राहायला मागची खोली, केराबाईने लोणी कढवायचं, तू दूध काढायचं. डब्यावर नाव संघाचं राहील. फळ्यावर नाव असलेल्या माणसाला कामावर कसं घेतलं, असं कुणी विचारू नये म्हणून सोबत एक कागद धाडतो आहे. त्यात तुझ्या तोंडी लिहिलंय की मी भेसळ केली होती, ती कबूल करतो, पुन्हा करणार नाही. मजकूर मीच सौम्य केलाय, केराबाईचं नाव त्यात येऊ दिलेलं नाही. खाली सही कर आणि सोमवारच्या सकाळच्या गाडीने दोघं या. सहीशिवाय येऊ नकोस, गेटवरचा माणूस आत सोडणार नाही.

तुझाच,
कोंडीआण्णा